फळीवरचे पाय

देवमनचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घरात घड्याळ नव्हतं, पण कारंज्यातल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा चारला वाजायचा आणि तो संपायच्या आत देवमन अंथरुणावर उठून बसलेला असायचा. तोंड धुवायचं, रात्रीची अर्धी भाकर तिखटासोबत खायची, कोरा चहा प्यायचा आणि अंधारातच निघायचं. जिनिंगातली पाळी सातला लागायची. त्याआधीचे दोन तास क्लबातल्या कामाचे.

क्लब म्हणजे इंग्रजांच्या काळात कापसाच्या साहेबांनी बांधलेली एक बैठी दगडी इमारत. साहेब गेले, टेबल राहिलं. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, वर हिरवं कापड आणि कापडाखाली दगडाच्या फरश्या. देवमनच्या घराची पुढची खोली त्या टेबलावर मावली असती. संध्याकाळी वकील, डॉक्टर, बांधकाम खात्याचे इंजिनियर असे पंधरा-वीस मेंबर तिथं बिलियर्ड आणि स्नूकर खेळायचे. सकाळी देवमन हॉल झाडायचा, खुर्च्या पुसायचा आणि टेबलाच्या कापडाला ब्रश मारायचा. ब्रश एकाच दिशेनं मारायचा. हात उलटा फिरला की कापडाची लव उभी राहते आणि बॉल भटकतो. हे त्याला धरमसिंगनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि दुसऱ्यांदा सांगावं लागलं नव्हतं.

धरमसिंग हा क्लबाचा मार्कर. मानोऱ्याकडच्या एका तांड्यातला, पण राहायला क्लबाच्या मागच्या खोलीत. गुण मांडायचे, बॉल जागेवर लावायचे, काठ्यांच्या टोकांना चामडं चिकटवायचं, आणि एखादा मेंबर एकटाच आला तर त्याच्यासमोर खेळायचं, हे मार्करचं काम. सव्वीस वर्षं त्यानं ते केलं. बॉल मारायच्या क्यूला तो काठी म्हणायचा, म्हणून देवमनही काठीच म्हणायचा. १९७३च्या दिवाळीनंतर धरमसिंगला लाल बॉल कोणता आणि तपकिरी कोणता हे कळेनासं झालं. मग बॉल आहे की नाही, हेही कळेना. मेंबरांनी दोन महिने सांभाळून घेतलं. जानेवारीत सेक्रेटरी बापूराव वकिलांनी सांगितलं, एप्रिलपासून नवा मार्कर.

धरमसिंगनं वाद घातला नाही. "माणूस मी देतो," म्हणाला. "देवमनले ठेवा."

"तो पोती उचलणारा?"

"दोन वर्षं झाले वकीलसाहेब, कापडावर त्याच्या ब्रशची एक उलटी रेघ मी पाह्यली नाई."

"तुला आता दिसतं कुठं?"

"हातानं पाह्यतो ना."

बापूराव हसले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. ते म्हणाले, "ब्रश मारणं वेगळं, खेळणं वेगळं. मेंबरासमोर उभा राहणारा माणूस निदान सरळ मारणारा पाहिजे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी बघू. टेबलाच्या मधोमध ठिपके आहेत ना, त्यांच्यावरून पांढरा बॉल मारायचा. समोरच्या कडेच्या रबरी गादीला लागून त्याच ठिपक्यांवरून परत यायला पाहिजे आणि काठीच्या टोकाला येऊन लागायला पाहिजे. दहा ठोके. आठ लागले तर नोकरी त्याची. नाहीतर अमरावतीचा एक माणूस मला भेटून गेलेला आहे."

देवमनला ही नोकरी कशासाठी पाहिजे होती हे सांगायला फार बोलावं लागत नाही. जिनिंग सहा महिन्यांचं. कापूस संपला की भोंगा बंद, आणि पुढं दसऱ्यापर्यंत मिळेल ते काम. त्याची पोरगी अंजना मॅट्रिक झाली होती. अकोल्याला नर्सच्या ट्रेनिंगला जुलैपासून तिला जागा मिळत होती. शिकवणं फुकट होतं. होस्टेलच्या मेसचे पैसे मात्र दर महिन्याला भरायचे, बारा महिने, दोन वर्षं. मार्करचा पगार बारमाही होता.

त्याची बायको भागिरथा शाळेतल्या बाईंना जाऊन विचारून आली होती. "सहा महिने शिकून सहा महिने घरी बसता येत नाई म्हणते. मी इचारलं."

"हे इचारायले गेल्ती तू?"

"मंग? इचारल्याबिगर कसं कळन?"

नोकरी मिळाली तर अंजना अकोल्याला जाणार होती. नाही मिळाली तर आईसोबत कापूस वेचायला. तिसरी वाट नव्हती.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात धरमसिंगनं त्याच्या हातात काठी दिली. झाडझूड आणि ब्रश संपवून सातच्या पाळीपर्यंत पाऊण तास उरायचा. टेबलावरचा एक दिवा लावायचा. धरमसिंग टेबलाच्या टोकाशी खुर्ची टाकून बसायचा, मान खाली, डोळे मिटलेले. मिटले काय आणि उघडे ठेवले काय, त्याला सारखंच होतं.

पहिले पंधरा दिवस बॉलला हात लावायचा नव्हता. सोड्याची रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवायची. काठीचं टोक बाटलीच्या तोंडातून आत न्यायचं आणि बाहेर आणायचं, काचेला लागू न देता.

टिंग.

"एक," धरमसिंग म्हणायचा.

टिंग.

"दोन. दुकान लावलं का बे बांगड्यांचं?"

देवमन चिडत नसे. ज्या माणसानं पंधरा वर्षं सरकीची पोती वाहिली, त्याला एकच गोष्ट हजार वेळा करण्यात नवल वाटत नाही. पंधराव्या दिवशी बाटली गप्प झाली. धरमसिंगनं बॉल ठेवायला सांगितला.

बॉल डावीकडे जाऊ लागला. प्रत्येक वेळी डावीकडे. बाटलीत हळू जाणारी काठी जोराचा ठोका मारताना उजवीकडून डावीकडे आडवी फिरायची. देवमननं तीन-चार दिवस पाहिलं आणि स्वतःच्या अकलेनं उपाय काढला. नेम थोडा उजवीकडे धरायचा. लगेच फरक पडला. हातभर अंतरावरचे बॉल पॉकेटात पडू लागले. एका सकाळी ओळीनं पाच पडले.

"पडून राह्यले, भौ," तो म्हणाला.

"आयकू आलं," धरमसिंग म्हणाला. "आता लांबचा मार. त्या टोकाचा."

लांबचा बॉल पॉकेटापासून वीतभर हुकला. दुसरा त्याहून जास्त हुकला.

"काठी वाकडी मारून राह्यला तू, अन् नेमही वाकडा धरून राह्यला," धरमसिंग म्हणाला. "दोन वाकडे मिळून जवळचं सरळ दिसते. लांब गेलं की दोघंही उघडे पडतात. ठिपक्यावरून बॉल परत आणायचा हाये तुले, बारा फूट तिकडं अन् बारा फूट इकडं. तिथं हे चालन का?"

"नाई."

"मंग ते पाच बॉल इसर."

पाच बॉल विसरणं हे देवमनला बाटलीपेक्षा अवघड गेलं.

धरमसिंगला दिसत नसल्यामुळं त्यानं तपासायची एक युक्ती काढली. काठीच्या टोकाला लावायचा जो निळा खडू असतो, तो त्यानं काठीवर, हनुवटी जिथं टेकते तिथं घासला. खेळणारा नीट वाकला तर काठी हनुवटीच्या मधोमध घासून जाते. निळी रेघ हनुवटीच्या मधोमध उठली पाहिजे. देवमनची रेघ उजव्या जबड्यावर उठायची. म्हणजे डोकं काठीच्या वर नव्हतं, डावीकडे कललेलं होतं. दोन्ही डोळे एका बाजूला राहून काठीकडे तिरपे पाहत होते.

कारण शोधावं लागलं नाही. जिनिंगातल्या प्रत्येक हमालाची मान तशीच असते. पोतं उजव्या खांद्यावर, म्हणून डोकं डावीकडे. पंधरा वर्षांत देवमनचा उजवा खांदा दोन बोटं खाली उतरला होता आणि उजवं कंबरडं बाहेर आलं होतं. शिवलेला सदरा त्याला नेहमी एका बाजूनं लांब व्हायचा.

संध्याकाळी भागिरथानं विचारलं, "काहो, हे जबड्याले निळं काय लागलं?"

"खडू."

"लोक निळा झेंडा हातात धरतात. तुमी तोंडाले बांधला का?"

अंजना हसायला लागली. देवमननं पाण्यानं जबडा धुतला. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा तिथंच.

धरमसिंगनं मग त्याचं अंग सरळ करायला घेतलं. त्याला साहेबांच्या वेळची पद्धत ठाऊक होती. उजवा पाय नेमाच्या रेषेवर नाकासमोर सरळ, डावा त्याच्या बाजूला, दोन्ही खांदे सारखे, मान ताठ, मग वाकायचं. देवमन तसा उभा राहिला की शाळेतल्या कवायतीसारखा दिसायचा आणि वाकला की डुगडुगायचा. उजवं कंबरडं काठीच्या वाटेत यायचं. काठी त्याला चुकवून जायची, म्हणून आडवी फिरायची. धरमसिंग म्हणायचा, कंबर आत घे. देवमन कंबर आत घ्यायचा, तर तोल जायचा. फेब्रुवारी असाच गेला. दहातले दोन ठोके परत येत होते, कधी तीन.

तेव्हा देवमनला वाटलं, मुळावरच घाव घालावा. खांदा पोत्यानं खाली गेला, तर पोत्यानंच वर येईल. त्यानं पोतं डाव्या खांद्यावर घ्यायचं ठरवलं.

सरकीची पोती ट्रकात चढवायला जमिनीपासून ट्रकापर्यंत एक फळी टाकलेली असायची, दीड हात रुंद. चढणारे आणि उतरणारे एकाच फळीवर. चढणारा उजव्या कडेनं जायचा आणि पोतं उजव्या खांद्यावर असायचं, म्हणजे पोत्याचं पोट फळीच्या बाहेर यायचं आणि उतरणाऱ्याला आतून वाट मिळायची. हे कोणी कागदावर लिहिलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी नव्या माणसाला एवढंच सांगायचे, उजवा खांदा.

त्या सकाळी देवमन डाव्या खांद्यावर पोतं घेऊन फळी चढला. वरून इंद्रभान रिकामा उतरत होता. इंद्रभान त्याचा दहा वर्षांचा सोबती, घराला घर लागून. त्याला वाट आहे असं वाटलं आणि तो सवयीनं पुढं आला. पोत्याचं पोट त्याच्या छातीला लागलं आणि तो फळीवरून खाली गेला. पायावर पडला म्हणून वाचला. पोतं सुटून फुटलं आणि सरकी अंगणभर झाली.

"काहून बे?" इंद्रभान घोटा धरून ओरडला. "आज डाव्या खांद्याले काय मुहूर्त लागला?"

"उजवा खाली गेला. बरोबर करून राह्यलो."

"पंधरा वर्षांत गेला तो पंधरा दिवसांत वर येईन? अन् माही तंगडी मोडली असती, ते कोणं बरोबर केलं असतं, तुहा मार्कर?"

मुकादम आला, सरकी पाहिली आणि म्हणाला, "डावा खांदा घालायचा असन तर घरून दुसरी फळी आण." सरकी देवमननं एकट्यानं भरली. जेवणाची सुट्टी त्यात गेली. त्याला राग आला नाही. चूक त्याची होती आणि ती दुसऱ्याच्या घोट्यावर पडली होती. संध्याकाळी त्यानं इंद्रभानच्या घरी जाऊन त्याचा घोटा गरम पाण्यानं शेकून दिला. इंद्रभान म्हणाला, "पाणी अजून गरम कर."

दुसऱ्या सकाळी देवमननं घडलेलं सगळं धरमसिंगला सांगितलं. धरमसिंगनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पंधरा वर्षांत फळीवरून तू किती वेळा पडला?"

"पडलो नाई."

"एकदाही नाई?"

"एकदाही नाई."

"अन् फळीवर मधातच थांबा लागलं तर? वर गर्दी झाली, पोतं खांद्यावर हाये, तर कसा उभा राह्यतं?"

"तसाच. जसं जमते तसं."

"मंग तसा उभा राह्य. इथं. पोतं हाये समज."

देवमनला ते सांगता आलं नसतं, पण करता येत होतं. त्यानं खांद्यावर पोतं आहे असं धरलं आणि थांबला. उजवा पाय मागं गेला आणि त्याचा पंजा बाहेरच्या बाजूला वळला. उजवा गुडघा ताठ. डावा पाय हातभर पुढं आणि थोडा बाजूला, गुडघा मोडलेला. कंबर आपसूक उजवीकडून मागं सरकली.

धरमसिंग खुर्चीवरून उठला. हात टेबलाच्या कडेनं सरकवत आला आणि खाली बसून त्याचे पाय चाचपू लागला. आधी घोटे, मग गुडघे, मग कंबर. उभा राहिला आणि काहीही न सांगता त्यानं देवमनला बाजूनं धक्का दिला. देवमन हलला नाही. दोन्ही हातांनी दिला. देवमन हलला नाही.

"असाच राह्य. पाय हलवू नको. वाक."

देवमन वाकला. धरमसिंगनं अंगठ्यानं त्याचं कोपर शोधलं आणि कोपरापासून सरळ खाली बोट आणलं. बोट काठीवर आलं. मागं सरकलेल्या कंबरेनं काठीला वाट मोकळी करून दिली होती.

"मार."

बॉल गेला, गादीला लागला, परत आला. काठीच्या टोकाला लागल्याची टिचकी वाजली.

"दोन महिने आपण माणूस सरळ करून राह्यलो," धरमसिंग म्हणाला. "माणूस कायले सरळ पाह्यजे बे? काठी सरळ पाह्यजे."

त्यानं आपली साहेबी पद्धत त्या सकाळी सोडून दिली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. सव्वीस वर्षं जे खरं मानलं ते सोडायला त्याला एक ठोका पुरला.

पण एका ठोक्यानं नोकरी मिळत नसते. पाय सापडले होते, ते रोज त्याच जागी पडायला पाहिजे होते. देवमननं नियम लावून घेतला. आधी उभ्यानं नेमाची रेषा पाहायची. त्या रेषेवर उजवा पाय ठेवायचा. मग डावा. मग भार दोन्हींवर वाटून घ्यायचा, आणि मगच वाकायचं. वाकल्यावर चुकीचं वाटलं तर पाय सरकवायचा नाही, उठायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. पोत्याचंही असंच असतं. पोतं खांद्यावर यायच्या आधी पाय रोवलेले असावे लागतात, नंतर पाय शोधणारा पोत्याखाली जातो.

मान तेवढी राहिली होती. ती सवय पायांपेक्षा जुनी. मार्चभर रोज शंभर ठोके, आणि प्रत्येक दहा ठोक्यांनंतर धरमसिंगनं बोट लावून खडूची रेघ पाहायची. रेघ जबड्यावरून निघाली ती दिवसाला सुतासुतानं सरकत हनुवटीच्या मधात आली. दहातले पाच ठोके परत येऊ लागले, मग सहा, मग सात. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी नऊ आले. दुसऱ्या सकाळी सहाच. कमी आले त्या दिवशी देवमन जिनिंगात उशिरा पोचला, कारण शंभरावर आणखी वीस मारले. अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बापूरावांनी निरोप पाठवला की मेंबर हजर राहतील, तेव्हा नीट कपड्यात यावं. क्लबाच्या भिंतीवर पाटी होती, अनवाणी प्रवेश नाही. पहाटे झाडायला येणाऱ्याला ती लागू नव्हती, कारण तेव्हा पाहायला कोणी नसायचं. देवमन आजवर टेबलाजवळ अनवाणीच उभा राहिला होता. त्याच्याजवळ टायरच्या चपला होत्या, आणि त्या क्लबात शोभल्या नसत्या.

इंद्रभान आपले बूट घेऊन आला. तो होमगार्डात होता, बूट परेडचे, काळे, जाड टाचेचे. "आजच पॉलिश केलं," म्हणाला. "तोंड पाह्यता येईन त्याच्यात."

"तुहा घोटा?"

"घोटा माह्याजवळच हाये. बूट घे."

रविवारी सकाळी दहाला हॉलमध्ये बापूराव, डॉक्टर आणि इंजिनियर खुर्च्यांवर बसले होते. धरमसिंग त्याच्या नेहमीच्या जागी. देवमन धुतलेलं धोतर, पांढरा सदरा आणि इंद्रभानच्या बुटांत आला. भागिरथा आणि अंजना यायचं म्हणत होत्या. त्यानं नको म्हटलं.

पहिला बॉल परत येताना डावीकडे सरकला. दुसराही डावीकडे गेला.

डॉक्टरांनी बापूरावांकडे पाहिलं. बापूरावांनी दोन बोटं वर केली, म्हणजे दोन गेले.

"देवमन," धरमसिंग खुर्चीवरून म्हणाला, "तू चालला की खट खट आयकू येऊन राह्यलं. पायात काय हाये तुह्या?"

"बूट."

"कोणाचे?"

"इंद्रभानचे."

"मंग इंद्रभानलेच खेळू दे ना."

इंजिनियर मोठ्यानं हसले. देवमननं बापूरावांना विचारलं, "साहेब, काढू का?"

बापूरावांनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. "पाटी मेंबरांना आहे तशी मार्करलाही आहे," ते म्हणाले. "उद्या नोकरीत बूट घालूनच खेळावं लागेल. आजच काढले तर मी काय तपासलं?"

ते बरोबर होतं आणि देवमनलाही बरोबर वाटलं. आठ ठोके उरले होते आणि आठच लागत होते.

तो टेबलापासून दूर गेला आणि हॉलमध्ये एकदा सावकाश चालला. काय झालं ते त्याला कळत होतं. जाड टाचेनं अंग पुढं ढकललं होतं. भार सगळा डाव्या पायावर जात होता आणि उजवं कंबरडं पुन्हा काठीच्या वाटेत येत होतं. महिनाभर जे पाय घोटले होते ते अनवाणी पायांचे होते, बुटांतल्या पायांना ते माहीत नव्हतं. घाई करून उपयोग नव्हता. तो परत आला, उभ्यानं रेषा पाहिली, उजवा पाय ठेवला. पंजा नेहमीपेक्षा जास्त बाहेर वळवला. डावा पाय चार बोटं आणखी पुढं टाकला आणि गुडघा जास्त मोडला, तेव्हा भार मागं आला. वाकला. बरोबर वाटलं नाही. उठला. पुन्हा रेषा पाहिली, पुन्हा पाय ठेवले. इंजिनियरांनी घड्याळाकडे पाहिलं. देवमन दुसऱ्यांदा उठला. तिसऱ्यांदा वाकला तेव्हा त्याला वाटलं, आता कोणी धक्का दिला तरी चालेल.

तिसरा बॉल परत येऊन टोकाला लागला.

चौथा, पाचवा, सहावा लागला. प्रत्येक ठोक्याआधी तो पहिल्यापासून सगळं करत होता आणि कोणी घाई केली नाही. सातवा, आठवा. नवव्या वेळी सदरा पाठीला चिकटला होता. नववा लागला.

दहावा बॉल हळू निघाला. समोरच्या गादीला लागला आणि परत निघाला. काळ्या बॉलच्या ठिपक्यावरून आला, गुलाबीच्या ठिपक्यावरून आला. निळ्याच्या ठिपक्यापाशी आला तेव्हा तो केसभर बाजूनं गेला. वेग संपत आला होता. देवमननं काठी जागेवर धरून ठेवली होती. बॉल तिच्या टोकापाशी आला आणि थांबला.

बापूराव उठून वाकून पाहू लागले. "लागला का हा?"

"लागला," धरमसिंग म्हणाला.

"तुला दिसत नाही, धरमसिंग," इंजिनियर म्हणाले.

"दिसत नाई साहेब. म्हणून तर आयकतो."

बापूरावांनी देवमनकडे पाहिलं. "तू सांग. काठी तुझ्या हातात होती."

देवमन अजून वाकलेलाच होता. "कडेले लागला साहेब. मधात नाई लागला."

बापूराव सरळ उभे राहिले. "कडेला लागला तरी लागला," ते म्हणाले. "सोमवारपासून ये. आणि बूट स्वतःचे घे."

दिवसा पाळी आणि संध्याकाळी क्लब असं करत देवमननं जिनिंगातला हिशेब एप्रिलअखेर संपवला. बूट इंद्रभानला परत दिले, आतून पुसून आणि बाहेरून पॉलिश करून. पहिल्या पगारातून सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट घेतले. आठ दिवस त्यात फक्त उभं राहण्याचा सराव केला, मग ठोक्यांचा. धरमसिंग मे महिन्यात तांड्यावर गेला. जाताना त्यानं एकदा टेबलाच्या कापडावरून हात फिरवला, लवेच्या दिशेनं. मेंबर देवमनसमोर खेळू लागले. तो फार जिंकत नसे. पण त्याची काठी सरळ जायची, म्हणून त्याच्यासमोर खेळल्यावर आपली कुठं वाकडी जाते ते मेंबरांना कळायचं. त्याचा खांदा शेवटपर्यंत दोन बोटं खालीच राहिला.

जुलैत अंजना अकोल्याला गेली. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि दोन पांढऱ्या साड्या. मेसचे पैसे दर महिन्याला मनीऑर्डरनं जायचे. दोन वर्षांत एकही महिना चुकला नाही. ऑगस्टमध्ये तिचं पत्र आलं. होस्टेलच्या मागं नाला आहे, मच्छर फार आहेत, झोप होत नाही, बाकीच्या मुलींकडे मच्छरदाण्या आहेत. तिनं मागितली नव्हती, फक्त लिहिलं होतं.

त्या महिन्याच्या पगारातून मेसचे पैसे गेल्यावर जे उरलं त्यातून देवमननं मच्छरदाणी घेतली. क्लबाच्या सुट्टीच्या दिवशी एसटीनं अकोल्याला जाऊन होस्टेलच्या फाटकावर ती अंजनाच्या हातात दिली. आत पुरुषांना जाऊ देत नव्हते. ती कशी बांधायची हे दोघांनाही माहीत नव्हतं, कारण त्यांच्या घरात तोवर मच्छरदाणीत कोणी झोपलं नव्हतं. अंजना म्हणाली, "मी शेजारच्या पोरीले इचारीन."